निर्वासितांचा शिधा आणि देणगीदारांची मर्जी

महोदय,

म्यानमारमधून बांगलादेशात आलेल्या रोहिंग्या निर्वासितांसाठीचा परदेशी निधी आटल्याचे वृत्त आले की चर्चा अमेरिकेच्या नव्या धोरणापाशी येऊन थांबते. २०२४ मध्ये या कामासाठी आलेल्या पैशांत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या अमेरिकेचा होता. तिने हात आखडता घेतल्यावर २०२५ च्या जूनमध्ये युनिसेफला छावण्यांतील शिक्षण केंद्रांमधून हजाराहून अधिक स्थानिक शिक्षक कमी करावे लागले, हे खरेच आहे. परंतु दुखणे त्याआधीचे आहे.

बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या छावण्यांत जागतिक अन्न कार्यक्रमाकडून माणशी दरमहा १२ डॉलरचा शिधा मिळत असे. २०२३ च्या मार्चमध्ये तो १० डॉलरवर आणि जूनमध्ये ८ डॉलरवर, म्हणजे दिवसाला जेमतेम २२ रुपयांवर आला. पुढच्या वर्षी तो पुन्हा वाढवला गेला. २०२५ च्या मार्चमध्ये तो थेट ६ डॉलरवर आणण्याचे जाहीर झाले आणि महिना संपण्याआधी तो निर्णय फिरवलाही गेला. या दोन वर्षांत भूक तेवढीच होती, खालीवर होत होती ती देणग्यांची आवक. ज्यांना बांगलादेशात रीतसर रोजगार करण्याची मुभाच नाही, त्यांनी ही तूट कशातून भरून काढावी?

कपातीचे हिशेबही फसवे असतात. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक लोक सीमा ओलांडून आले, तेव्हा सरपणासाठी छावण्यांभोवतीच्या उखिया आणि टेकनाफ भागातील जंगल झपाट्याने तुटले. छावण्यांत स्वयंपाकाचा गॅस पुरवल्यावर ती तोड आटोक्यात आली. गॅसचा निधी कापला, तर माणसे पुन्हा कोयता घेऊन डोंगरावर जाणार, आणि स्थानिकांशी तंटा वाढणार तो वेगळाच.

खरी अडचण पैसे जमवण्याच्या पद्धतीत आहे. निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तालयाला संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अंदाजपत्रकातून नाममात्र रक्कम मिळते. बाकी कारभार ऐच्छिक देणग्यांवर चालतो, आणि त्यांतल्या पुष्कळशा ठरावीक देशासाठी किंवा कामासाठी राखून ठेवलेल्या असतात. रोहिंग्यांसाठी २०२५ सालाकरिता ९३.४५ कोटी डॉलरचे आवाहन करण्यात आले. आठव्या वर्षीही त्याचे स्वरूप ताज्या आपत्तीसाठी झोळी फिरवल्यासारखेच होते.

१९७१ मध्ये सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, तेव्हा पत्रावर ५ पैशांचे 'शरणार्थी सहायता' तिकीट जादा लावावे लागे. माझ्या वयाच्या वाचकांना ते आठवत असेल. रक्कम किरकोळ होती, पण ती कुणाच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा खर्चही सदस्य देशांना ठरवून दिलेल्या हिश्शाने भरावा लागतो. दीर्घकाळ रेंगाळलेल्या निर्वासित छावण्यांच्या किमान शिध्यासाठी आणि औषधांसाठी तोच नियम का असू नये? शांतिसेनेच्या खात्यातही देश पैसे थकवतात, हे मान्य. पण तिथे ती रक्कम निदान थकबाकी म्हणून नोंदली जाते.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, मिरज