शनिवारची बैठक : 'हे खरं कशावरून?'

सर्व शिक्षक सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी दुपारी 4 वाजता, नागपूरच्या महाल भागातल्या वाचनालयात, नेहमीची बैठक. विषय : माहितीचा स्रोत विश्वासार्ह आहे की नाही, हे आठवी ते दहावीच्या मुलांना कसं शिकवायचं.

सराव आपल्याच गावचा घेऊ. 'झिरो माईलचा दगड म्हणजे भारताचा मध्यबिंदू' हे नागपुरातलं पोरगंपोरगं सांगतं. मुलांना विचारायचं, हे कोणी म्हटलं, केव्हा, आणि कोणत्या भारताबद्दल? 1947च्या फाळणीनं देशाच्या सीमाच बदलल्या, मग मध्य तिथंच कसा राहील? दगडावर शहरांची अंतरं मैलांत कोरली आहेत. तीही पाहून यावीत. दगड खोटा नाही, त्याच्या नावावर खपवलेला दावा तपासायचा आहे.

दुसरा मुद्दा पद्धतीचा. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी 2017 साली दाखवलं, की पटाईत तथ्यतपासनीस अनोळखी संकेतस्थळ खालपर्यंत वाचत बसत नाहीत; लगेच दुसऱ्या टॅब उघडून ते कोण चालवतं हे शोधतात. इतिहासाचे प्राध्यापक मात्र ऐटदार लोगोला भुलले होते. (आपणही भुलतो, विशेषतः सकाळच्या फॉरवर्डला!) 'संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी डॉट ओआरजी असेल तर खरं' हे पाठ करून घेणं आता बंद करावं. तो पत्ता कोणालाही विकत मिळतो.

प्रत्येकानं वर्गात फिरत असलेला एक संदेश छापून आणावा, पाठवणाऱ्याचं नाव आणि नंबर खोडून. प्रोजेक्टर नाही, तेव्हा मोबाईल चार्ज करून या. चहा आहे, तर्री-पोहे ज्याचे त्यानं.