उधारीतून उभी राहिलेली शाळा

लॉस एंजेलिस

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "मिकी माउसवाल्याला कॉलेज कशाला काढायचं होतं?" तेव्हा नीट सांगता आलं नाही. शनिवारी ते कॉलेज, म्हणजे वॉल्ट डिस्नेचं कॅलआर्ट्स, बघून आले, आता सांगते.

मूळ आहे उधारीत. 1929 साली वॉल्ट डिस्नेला वाटायला लागलं, आपल्या स्टुडिओतल्या पोरांचा चित्रातला हात अजून कच्चा आहे. इथे नेल्बर्ट शुइनार्ड नावाच्या बाईंची कलाशाळा होती. फीला पैसे नव्हते, तर बाईंनी मुलं उधारीवर घेतली! पोरांकडे गाड्या नाहीत, म्हणून संध्याकाळच्या वर्गाला हा मालक स्वतः त्यांना गाडीत घालून सोडायला जायचा. पुढे शुइनार्डची शाळा डबघाईला आली तेव्हा डिस्ने मदतीला उभा राहिला आणि 1961 साली ती एका संगीतशाळेशी जोडून कॅलआर्ट्स झालं. चित्र, गाणं, नाच, नाटक, सिनेमा सगळं एका छपराखाली, ही त्याची कल्पना. मला तर यात जुनी उधारी फेडणंही दिसतं.

इमारत मात्र त्याने पाहिलीच नाही. तो 1966 च्या डिसेंबरात गेला, संपत्तीचा मोठा वाटा शाळेला ठेवून. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅलेन्सियातली ही वास्तू 1971 साली उघडली. थोरला भाऊ रॉय मागे लागला होता म्हणून. तोही त्याच वर्षी, 1971 च्या डिसेंबरात गेला.

आणि हे खास तुमच्यासाठी: सुरुवातीच्या वर्षांत भारतीय संगीत विभागाचे प्रमुख पंडित रविशंकर होते! मिकी माउसच्या पैशावर सतार. मी दोनदा विचारून खात्री केली.

ओळखीतली एक मुलगी तिथे दुसऱ्या वर्षाला आहे, तिने फिरवलं. तिच्या टेबलावर कागदांवर काढलेलं, मान वळवणारं मांजर होतं. बोटांच्या फटींत चार-पाच कागद धरून ती फडफडवायची, की मान वळलीच! सेकंदाला 24 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम चालवलं तरी बारा चित्रं काढावी लागतात. शेपूट जमेना म्हणून तिने तो कागद पुसून पुसून पातळ केला होता.

चिंटूला सांगा, 'टॉय स्टोरी'त अँडीच्या आईच्या गाडीची नंबरप्लेट बघ. ए113. तो इथल्या वर्गाचा नंबर आहे. दिग्दर्शक जॉन लॅसेटर त्याच वर्गात शिकला. सापडली की मला फोन करायला सांगा, रात्र असली तरी चालेल.

तुमची,
मनू