मुक्ताच्या नोकरीबद्दल

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय सुनंदा,

मुक्ताला मानसिक आजारांवरच्या औषधांच्या चाचण्यांत काम मिळालं, हे वाचून मला भरून आलं. तुझी काळजीही कळली. ‘माणसांवर प्रयोग करायचे, हे पाप तर नाही ना?’ असं तू सरळ विचारलंस, तर मीही सरळच सांगते. जाऊ दे तिला.

अंबडच्या कारखान्यात गोळ्या तपासण्यापासून माझी सुरुवात झाली, ते दिवस तू पाहिले आहेस. पुढे पुण्याच्या प्रयोगशाळेत नैराश्याच्या औषधांवर काम केलं. तिथे पाण्याने भरलेल्या उभ्या काचेच्या भांड्यात पांढरा उंदीर सोडायचा. हातपाय मारायचं थांबवून तो नुसता तरंगायला लागला की स्टॉपवॉच दाबायचं. औषध लागू पडणार असेल, तर तो जास्त वेळ धडपडतो. १९७७ पासून जगभर ही पद्धत वापरली गेली. पण त्या उंदराला उदास वाटतंय का, हे त्याला विचारणार कोण? रक्तदाब मोजायला पट्टा आहे, साखर मोजायला थेंबभर रक्त पुरतं. मनाचा आजार मात्र समोरच्याचं बोलणं ऐकूनच मोजावा लागतो. म्हणून मी प्रयोगशाळा सोडून रुग्णांकडे आले. आई इथे एकटी होती, तेही होतंच.

मुक्ताला बहुतेक पॅन्स ही आजार मोजायची पट्टी शिकवतील. स्किझोफ्रेनियाची, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजाराची, ३० लक्षणं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. बेरीज जितकी मोठी, तितका आजार जास्त. त्यात म्हणीचा अर्थही विचारतात. सुरगाण्याकडून आईबरोबर एसटीने येणारा एक मुलगा होता. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ म्हणजे काय, विचारलं तर म्हणाला, ‘अंगण सारवून घ्यावं.’ काही आठवड्यांनी दुसरी म्हण विचारली, ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’. जरा थांबून म्हणाला, ‘ज्याला थोडं येतं, तोच जास्त बोलतो.’ मी तो गुण लिहिला तेव्हा माझा हात थरथरत होता. त्याला खरं औषध चालू होतं की प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, हे ना मला ठाऊक होतं, ना डॉक्टरांना. चाचणी संपेपर्यंत कळूही द्यायचं नसतं.

खरा धोका तू म्हणतेस तिथे नाही गं. एका ठिकाणी मी पाहिलं आहे. रुग्ण लवकर भरा म्हणून वरून तगादा, आणि चाचणीत घ्यायला ठरावीक बेरीज हवी. मग ४ चे ५ होतात. पुढच्या भेटीला तोच रुग्ण खरेपणाने मोजला की गुण आपोआप खाली येतात. प्लासिबोवालेही बरे झाल्यासारखे दिसतात, आणि चांगलं औषधसुद्धा त्या गर्दीत हरवतं. प्लासिबोने सुधारणा दिसण्याची इतरही कारणं आहेत. नुसतं कुणीतरी नेमाने विचारपूस करतंय, यानेही माणूस सावरतो. पण हे फुगवलेले गुण आपल्या हातातले आहेत, म्हणून मला त्यांची चीड आहे. मुक्ताला एवढं एक माझ्याकडून सांग, ४ असेल तर ४ च लिही, कुणीही काहीही म्हणो.

या कामात वर्षानुवर्षं हाती काही लागत नाही, हेही खरं. २०२४ मध्ये एम्राक्लिडीन हे स्किझोफ्रेनियावरचं नवं औषध दोन मोठ्या चाचण्यांत प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत त्याच आजारावरच्या कोबेन्फी या औषधाला मान्यता मिळाली. त्यातलं झॅनोमेलिन १९९० च्या दशकातलं. अल्झायमरच्या रुग्णांत स्मृतीसाठी तपासताना त्यांचे भास कमी झालेले दिसले, पण मळमळ-उलट्यांनी ते मागे पडलं. पुढे कुणीतरी त्याला ट्रोस्पियमची जोड दिली. हे मूत्राशयाचं जुनं औषध, मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे पोटातला त्रास तेवढा आवरतं. स्किझोफ्रेनियावर डोपामाइनला, म्हणजे मेंदूतल्या एका रसायनाला, न अडवणारं औषध इतक्या दशकांनी पहिल्यांदा आलं!

आणि आपल्या सर्पगंधा वनस्पतीची गोष्ट तर मी कधीही सांगायला तयार असते. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी ती वेडावर आणि रक्तदाबावर वापरल्याचं लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांचा रक्तदाबावरचा लेख इंग्लंडमध्ये छापून आला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. स्वीडनच्या कार्लसन यांनी ते सशांना दिलं, तर ससे निपचित पडले. मग एल-डोपा, म्हणजे ज्यापासून मेंदूत डोपामाइन बनतं ते द्रव्य, दिल्यावर उठून हिंडायला लागले. कंपवाताच्या औषधाची वाट तिथून सुरू झाली. तुझे काका ज्या गोळीने पेला हातात धरू शकायचे ना, ती एल-डोपाचीच.

राहिला रुग्णाच्या संमतीचा प्रश्न. २०१९ च्या नियमांनुसार अगदी नव्या रेणूची चाचणी असेल आणि रुग्ण स्वतःची बाजू नीट मांडू शकत नसेल, तर संमती घेतानाचं चित्रीकरण करावं लागतं. चाचणी मध्येच सोडायचा हक्क रुग्णाला असतो, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट द्यावे लागतात. कागदावर हे सगळं चोख आहे. वरच्यांची घाई चालू असतानाही सुरगाण्याच्या त्या आईसारख्या बाईला ते समजावून सांगणं, हे मुक्ताचं काम.

रविवारी तिला माझ्याकडे पाठव. नेमणुकीचं पत्र बरोबर आणू दे, मला ते वाचायचं आहे. दुपारभर आम्ही पॅन्सचा सराव करू, मी रुग्ण होईन. तू पण आलीस तर जेवायलाच या.

तुझी,
माधवी