बाबा, तुमच्या हातून काही बिघडलं नाही

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
ताईचा साष्टांग नमस्कार.

कॉम्प्युटरवर नेट चालेना झाल्याचं कळलं, तेव्हापासून, सकाळपासून, बाबांचा आवाज कानातून जात नाही. "माझ्याच हातून कायतरी दाबलं गेलं बघ," असं फोनवर तीनदा म्हणालात. बाबा, तुमच्या हातून काहीही झालेलं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मोबाईलवर नातवाचा चेहरा तुम्हाला नीट दिसत नाही, म्हणून रविवारी कॉम्प्युटरसमोर बसता. तो दिवस हुकला याचं मला फार वाईट वाटलं. फोनवर सांगताना गोंधळ होतो, म्हणून शेजारच्या काकूंच्या मुलाबरोबर ही चिठ्ठी देतेय. मोठ्या अक्षरात लिहिलीय.

तुम्ही तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात माग चालवलेत. माग थांबला की तो खोलून बसत नव्हता. ताण्यात दोरा तुटलाय की धोट्यातलं सूत संपलंय, ते आधी बघायचा. इथंही तसंच करायचं. आईचा मोबाईल घ्या, त्याचा मोबाईल डेटा बंद करा, फक्त वाय-फाय ठेवा आणि एखादा व्हिडिओ लावून बघा. चालला, तर लाइन आणि राउटर, म्हणजे वाय-फाय देणारी ती पेटी, ठीक आहेत, दोष कॉम्प्युटरकडे आहे. नाही चालला, तर कॉम्प्युटरला हात लावू नका, राउटरकडे जा.

राउटरवर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल, तर बाहेरून येणारी लाइनच तुटलीय किंवा वाकलीय. मग घरी काही करण्यासारखं नसतं, बिलावरच्या नंबरवर तक्रार द्यायची. फक्त एक बघा. आई, ती पिवळी बारीक वायर तू गुंडाळून सुतळीनं घट्ट बांधली होतीस ना? तिच्यात काचेचा केसासारखा धागा असतो, त्यातून उजेड जातो. जोरात वाकवली की उजेड अडतो. सुतळी सोड, वायर सैल गोल राहू दे. आणि राउटरवरचा विणलेला रुमाल काढ गं. धूळ बसू नये म्हणून तू घातलास, मला कळतं. पण बहुतेक राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्या सोलापुरात मे महिन्यात नुसती हवाच ४२च्या वर जाते. त्याला मोकळं ठेव, लोखंडी कपाटामागून काढून कपाटाच्या पुढे, उंचावर ठेव.

आता कॉम्प्युटर. माझा खरा संशय इथंच आहे. आई म्हणाली, वीज गेली, आली, आणि तेव्हापासून 'कनेक्टेड' दिसतं पण काही उघडत नाही. वीज आल्यावर राउटरला जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. कॉम्प्युटर त्याच्याआधी सुरू झाला असेल. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो. तो वेळेवर मिळाला नाही की कॉम्प्युटर स्वतःच एक पत्ता घेऊन बसतो, तो १६९.२५४ नं सुरू होतो. त्या पत्त्यावरून बाहेर जाता येत नाही. म्हणून आधी कॉम्प्युटर बंद करा. राउटरचं बटण बंद करून शांतपणे तीसपर्यंत मोजा, चालू करा, दिवे स्थिर होऊ द्या. मग कॉम्प्युटर लावा. घाई करू नका, बाबा, चहा घेऊन बसा.

तरी नाही झालं, तर खाली उजवीकडच्या वाय-फायच्या खुणेवर जा, आपल्या वाय-फायच्या नावावर माऊसचं उजवं बटण दाबून 'फर्गेट' करा आणि पासवर्ड नव्यानं घाला. पासवर्डमधलं पहिलं अक्षर मोठं आहे, ते विसरू नका.

आणखी एक. आपल्या कॉम्प्युटरच्या डब्याला मागून ती नखाएवढी वाय-फाय पकडणारी काडी लावलीय, आणि डबा आहे टेबलाखाली, भिंतीला चिकटून. पलीकडं ती दीड हात जाडीची दगडी भिंत. काडी काढून पुढच्या खाचेत लावा, पण निळ्या (यूएसबी ३च्या) खाचेत नको. तिथं हार्डडिस्क जोडून चालू असली की तिच्या गोंगाटानं वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दबतात. आपल्या राउटरची दोन नावं दिसतात. शेवटी '५जी' लिहिलेलं आतल्या खोलीत निवडू नका. ते वेगवान असतं, पण दगडी भिंतीतून फारसं येत नाही. दुसरं निवडा.

मात्र एक गोष्ट कळकळीनं सांगते. कुणी फोन करून म्हणालं, "तुमचं नेट नीट करतो, हे ॲप टाका, आलेला नंबर सांगा," तर फोन ठेवून द्या. समोरचा कितीही गोड बोलला तरी. तसा फोन आला तर लगेच मला कळवा, रात्री दोन वाजता असलं तरी.

शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं मी येतेय, बरोबर काडीसाठी लांब वायर आणते. तोवर काय काय करून बघितलंत, कुठला दिवा कसा होता, ते कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवा. आई, कडक भाकरी नि शेंगाचटणी ठेव, नातूही येतोय. या वेळी पडद्यावर नाही, बाबा, मांडीवर बसेल.

तुमची,
ताई