नाथसागरावरच्या होड्यांतून डॉक्टर मॅडमना आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

होडीवर मुक्काम करणाऱ्याला मांजर लागतंच. जाळ्याला माशाचा वास असतो, त्यावर उंदीर येतात आणि रातोरात जाळं कुरतडून ठेवतात. "होडीवर मांजर कशाला?" असं म्हणून तुम्ही कुणाला वाटेला लावलं नाहीत; काठापर्यंत येऊन ते पाण्यावर कसं जगवायचं ते दाखवलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पैठणच्या वरच्या अंगाला जे कुणी मांजर घेऊन होडीवर राहतात त्यांच्याही कामी यावं, म्हणून तुमचं सांगणं इथं उघड लिहितोय.

सगळ्यात मोलाचं गोणपाट. मांजराला पोहता येतं, पण होडीच्या गुळगुळीत कडेला नख रुतत नाही. वर चढता आलं नाही की ते दमून बुडतं. म्हणून तागाचं गोणपाट होडीच्या काठाला आवळून बांधायचं, खालचं टोक हातभर पाण्यात, आणि त्या टोकात गोटे शिवायचे. गोटे नसले तर लाटेसरशी ते वर तरंगतं. खताची प्लास्टिकची गोणी नको, तिच्या धाग्यात नख अडकतं. गोणपाट दोन्ही बाजूंना हवं, कारण घाबरलेलं मांजर होडीला वळसा घालून येईल याचा भरवसा नाही. सवय लावायला उथळ पाण्यात त्याचे पुढचे पंजे गोणपाटावर टेकवून त्याला स्वतः चढू द्यायचं. ताग पाण्यात कुजतो, तेव्हा मधूनमधून ओढून बघायचं.

पट्टा गळ्यात नाही, छाती-पोटाला. दोरी खुंटीपासून होडीच्या काठापर्यंतच्या अंतराहून वीतभर आखूड, नाहीतर मांजर बाहेर लोंबकळतं.

मासळीबद्दल तुम्ही सांगितलंत ते फार जणांना ठाऊक नसतं. कार्प जातीच्या बऱ्याच माशांत, आतड्यांत जास्तच, एक द्रव्य असतं. ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. रोज कच्ची मासळी खाणारं मांजर झोकांड्या खातं, मान खाली वाकवतं, पुढं झटके येतात. मासळी उकडली की ते द्रव्य मरतं. काटे काढायचे आणि अधूनमधून अंडं, कोंबडीही द्यायची. रस्सा मात्र नको, त्यातला कांदा-लसूण मांजराला विषारी.

तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) गिळला आणि टोक तोंडातून किंवा मागून दिसलं, तर ओढायचं नाही, आतडं चिरतं. माणसाची पॅरासिटामॉल तर एक गोळीही जीव घेते. अंगावर रॉकेल सांडलं तर ते चाटण्याआधी भांड्याच्या साबणानं धुवायचं, उलटी करवायची नाही.

मे महिन्यात टपावर दोन ताडपत्र्या, मध्ये वीतभर फट. तोंड उघडून धापा टाकायला लागलं की पंजे आणि पोट साध्या पाण्यानं ओलं करून थेट दवाखाना. बर्फ नाही.

हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. मांजर बेटावर सोडायचं नाही, हे तुम्ही बजावलंत ते पटलं. तिथं बऱ्याच पक्ष्यांची अंडी-पिल्लं जमिनीवरच असतात. विष्ठेची वाळूही पाण्यात टाकायची नाही, कारण हेच पाणी छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याचे लोक पितात. ती पिशवीत भरून काठापासून लांब पुरतो.

रेबीजच्या पुढच्या डोसाला सगळी मांजरं झाकणाच्या टोपल्यांत, एका टोपलीत एकच, अशी घेऊन येतोय.

आपले,
नाथसागरावरचे होडीवाले