'ॲडमिन जबाबदार राहील' : आधी हे जुने निकाल पाहा

महोदय,

सण किंवा निवडणूक जवळ आली की 'ग्रुपवरील आक्षेपार्ह मजकुरास ॲडमिन जबाबदार राहील' अशी सूचना गावोगाव फिरते आणि वृत्तपत्रेही ती जशीच्या तशी छापतात. कायदा इतका सरसकट नाही. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरासाठी ती जागा चालवणाऱ्याला कितपत धरायचे, हा वाद व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीचा आहे. टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या अमेरिकेतल्या संगणक-जाळ्यांवर तो आधीच लढला गेला. त्यात एक मोठी चूक झाली आणि वर्षाच्या आत कायदा करून ती सुधारावी लागली.

तेव्हाचा बुलेटिन बोर्ड म्हणजे बहुधा कुणाच्या तरी घरातला एक संगणक, फोनलाइनवरून संगणक जोडणारा एक मोडेम आणि एक फोनलाइन. एका वेळी एकानेच आत यायचे, निरोप वाचायचे, आपला लिहायचा आणि फोन ठेवायचा. बोर्ड चालवणाऱ्याला सिसॉप म्हणत. १९८४ मध्ये सुरू झालेल्या फिडोनेटने असे बोर्ड एकमेकांना जोडले. रात्री फोनचे दर उतरले की एक संगणक दुसऱ्याला फोन लावून दिवसभराचे निरोप पुढे ढकलत असे. म्हणजे सिसॉपने सकाळी बदनामीकारक मजकूर पुसला तरी त्याच्या प्रती रात्रीतच दुसऱ्यांच्या संगणकांवर गेलेल्या असत आणि त्यांवर त्याचा काहीच ताबा नसे.

शिवाय सभासदांची खासगी पत्रे आणि चव्हाट्यावरचा मजकूर एकाच डिस्कवर असे. १ मार्च १९९० रोजी टेक्सासमधील ऑस्टिन येथे सीक्रेट सर्व्हिस या संघीय तपास यंत्रणेने स्टीव्ह जॅक्सन गेम्स या प्रकाशन संस्थेवर छापा घालून तिच्या बोर्डाचा संगणकच उचलून नेला. त्यात अजून न वाचलेली १६२ पत्रे होती. १९८६ च्या इलेक्ट्रॉनिक संदेश-गोपनीयता कायद्याचा त्यात भंग झाला, असे १९९३ मध्ये न्यायालयाने ठरवले. संस्थेला पन्नास हजार डॉलरहून अधिक आणि पत्रे जप्त झालेल्या वादींना प्रत्येकी १००० डॉलर भरपाई मिळाली.

बदनामीचा प्रश्न मात्र मोठ्या कंपन्यांच्या दारात सुटायचा होता. कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेवर सुमारे १५० चर्चामंच होते. त्यातला पत्रकारितेचा मंच एका बाहेरच्या संस्थेला कंत्राटाने चालवायला दिला होता आणि त्यावर रोज येणारी 'रुमरव्हिल' ही बातमीपत्रिका तिसरीच संस्था काढत असे. त्या पत्रिकेने एका स्पर्धकाची बदनामी केल्याचा दावा झाला. कॉम्प्युसर्व्ह काहीही आधी वाचत नव्हती. ऑक्टोबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने निकाल दिला, की ती प्रकाशक नाही, वितरक आहे. ग्रंथालय किंवा पुस्तकाचे दुकान असते तशी. मजकूर बदनामीकारक असल्याचे तिला ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, हे सिद्ध झाले तरच ती अडकेल.

प्रॉडिजी या दुसऱ्या ऑनलाइन सेवेचे धोरण याच्या उलट होते. कुटुंबाने एकत्र बसून वापरावी अशी सेवा म्हणून तिने नियम लिहिले, शिव्या गाळणारी प्रणाली बसवली, प्रत्येक मंचावर एक प्रमुख नेमला आणि त्याच्या हाती मजकूर पुसण्याची सोय दिली. ऑक्टोबर १९९४ मध्ये 'मनी टॉक' मंचावर एका अनोळखी सभासदाने स्ट्रॅटन ओकमाँट या दलाली पेढीवर फसवणुकीचा आरोप केला. पेढीने २० कोटी डॉलरचा दावा लावला. रोज ६०,००० निरोप येतात, ते सगळे वाचणे शक्य नाही, हे प्रॉडिजीचे म्हणणे होते. मे १९९५ मध्ये न्यायालयाने तिला प्रकाशक ठरवले. कारण काय, तर ती मजकूर पुसत होती! म्हणजे अंगण झाडणाऱ्याला शिक्षा आणि उकिरडा साचू देणाऱ्याला अभय.

हा निकाल घातक होता, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक वकिलाने आपल्या अशिलाला त्यानंतर एकच सल्ला दिला असता : कशालाही हात लावू नका. फेब्रुवारी १९९६ मध्ये कॉक्स आणि वायडन या परस्परविरोधी पक्षांतल्या दोन लोकप्रतिनिधींनी मांडलेले कलम २३० अमेरिकेच्या कायद्यात आले. दुसऱ्याच्या मजकुराचे प्रकाशक म्हणून सेवेला धरता येणार नाही आणि सद्‌हेतूने मजकूर काढल्याबद्दलही तिला दोष लागणार नाही, असे ते सांगते. फौजदारी स्वरूपाचे संघीय कायदे आणि स्वामित्वहक्क त्यातून वगळलेले आहेत. पण लंबक दुसऱ्या टोकाला गेला. एप्रिल १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटी स्फोटाची थट्टा करणाऱ्या टी-शर्टची खोटी जाहिरात कुणीतरी एओएल या ऑनलाइन सेवेवर सिअ‍ॅटलच्या एका गृहस्थाचा फोन नंबर देऊन टाकली. त्यांना दर दोन मिनिटांना धमक्यांचे फोन येऊ लागले. त्यांनी कंपनीला वारंवार कळवले होते. तरीही १९९७ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीला पूर्ण संरक्षण दिले. कळवल्यानंतरही काहीच कर्तव्य उरत नाही, हे मला पटत नाही.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मधली वाट धरते. मध्यस्थाने, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर वाहून नेणाऱ्या सेवेने, तो स्वतः निवडू वा बदलू नये; आणि २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानुसार न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावर मजकूर काढावा. स्वतःहून काढला तर 'बदल केला' असे मानले जाणार नाही, अशी तरतूद २०२१ च्या नियमांत आहे. प्रॉडिजीचा खड्डा अशा रीतीने कंपन्यांपुरता बुजवला गेला.

ग्रुप ॲडमिनसाठी तो उघडाच आहे. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात सांगितले, की समान उद्देश किंवा पूर्वनियोजित कट असल्याशिवाय सभासदाच्या मजकुरासाठी ॲडमिनला धरता येत नाही. त्यामागचा एक आधार असा होता, की ॲडमिन सभासद घेऊ वा काढू शकतो, मजकुरावर त्याचे नियंत्रण नसते. पण २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने इतरांचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय ॲडमिनला दिली. त्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने ॲडमिन हा 'मध्यस्थ' नसल्याचे म्हटले, म्हणजे कलम ७९ चे कवच त्याला नाही. पुसण्याची कळ हाती आली, पण ती वापरल्याबद्दलचे संरक्षण आले नाही. प्रॉडिजीच्या मंचप्रमुखाच्या जागी आज सोसायटीचा सेक्रेटरी बसला आहे. सद्‌हेतूने संदेश पुसणे म्हणजे बाकीच्या संदेशांना संमती नव्हे, एवढे एक वाक्य कायद्यात हवे. आणि तसे होईपर्यंत वृत्तपत्रांनी ती सूचना छापताना नागपूरचा निकालही सोबत द्यावा.

ॲडमिनने तोवर एक क्रम पाळावा. आक्षेपार्ह संदेश दिसताच आधी पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवावे आणि मगच संदेश पुसावा. पुष्कळ जण घाईने आधी पुसतात आणि स्वतःच्या बचावाचा पुरावाच घालवतात. पुसल्यावरही पुढे पाठवलेल्या प्रती फिडोनेटसारख्याच हाताबाहेर असतात, म्हणून पुसल्याची नोंद ग्रुपवर लिहून ठेवावी. 'बघा काय पाठवलंय' म्हणून तोच संदेश दुसऱ्या ग्रुपवर टाकू नये. तिथे पाठवणारे तुम्ही असता. मूळ फोन बदलू किंवा रीसेट करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते : एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे ताडून पाहण्याचा तिचा अंकाक्षरी ठसा) लिहावे लागते.

आपला,
सायबर कायद्याचा एक अभ्यासक, पुणे