पुढील बैठकीच्या वाचनासंबंधी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पुढील बैठकीपासून निबंध, आठवणी आणि समीक्षा यांचे वाचन कालक्रमाने होईल व त्याचा आरंभ फ्रेंच निबंधकार माँतेन याच्यापासून करण्यात येईल. त्याच्या निबंधांचे पहिले दोन खंड १५८० साली प्रसिद्ध झाले. तिसऱ्या खंडासह निघालेल्या १५८८ च्या आवृत्तीच्या एका प्रतीच्या समासांत तो १५९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत भर घालीत राहिला, आणि जुने मत खोडण्याऐवजी त्याच्या शेजारीच नवे लिहिण्याची ही त्याची सवय आठवणीपर लेखन वाचतानाही उपयोगी पडेल. इंग्रज निबंधकार फ्रान्सिस बेकन याच्या संग्रहात १५९७ साली अवघे १० निबंध होते, ते १६२५ पर्यंत ५८ झाले. म्हणून आपल्याजवळची प्रत कोणत्या आवृत्तीवरून घेतली आहे, हे प्रत्येकाने आधी पाहून ठेवावे. (गेल्या खेपेस दोघांच्या हाती दोन वेगळे पाठ होते आणि निम्मा वेळ त्यातच गेला.) समीक्षेचे वाचन शेवटी होईल. मूळ कृती न वाचता तिच्यावरील टीका वाचून येणे टाळावे. प्रत्येकाने एक उतारा पृष्ठक्रमांकासह लिहून आणावा. सारांश आणू नये.